पाइप झाकायचे राहिले

अण्णांशी माझं शेवटचं बोलणं झालं ते प्लायवूडवर. माणसांच्या शेवटच्या बोलण्याविषयी मी आजवर इतकं वाचलं आहे, की आपल्या वाट्याला निदान विषय तरी बरा येईल अशी माझी समजूत होती.

गुरुवार होता. मी सांगलीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. त्या आठवड्यात आमच्याकडे तपासणीची समिती यायची होती, म्हणून मी स्टुलावर चढून वरच्या फळीवरचे ग्रंथ पुसत होते. पुसले की ते कुणीतरी वाचलेले वाटतील, अशी प्राचार्यांची आशा होती. अकराच्या सुमाराला साताऱ्याहून अण्णांचा फोन आला.

"संयू, कामात हायस का?"

"आहे."

"मग दोनच मिनिटं. सांगलीत वाकणारी शीट मिळती का बघ."

"कसली शीट?"

"बाथरूमचं पाइप झाकायला. हितं सगळी म्हणत्यात, चौकोनी पेटी मारा. मला पेटी नको. गोल पायजे. या भितीपासनं त्या भितीपर्यंत, पोट आल्यावानी."

"अण्णा, सहा वर्षं ते पाइप उघडे आहेत. कुणाचं काय अडलंय?"

पलीकडे कागद सरकवल्याचा आवाज आला.

"अडलं कुणाचंच न्हाई. मी आपलं कागदावर काढलंय. फोटू पाठवतो. कवा वेळ मिळंल तवा बघ."

"पाठवा. ठेवते."

आणि मी फोन ठेवला. समितीला वरची फळी फार आवडली असं नंतर कळलं.

त्या दिवशी अण्णांनी आणखी काय केलं, ते मी नंतर शेजाऱ्यांकडून गोळा केलं. मेथीची जुडी घेतली. पेपरवाल्याशी पुरवणीवरून भांडले. संध्याकाळी गच्चीवरच्या टाकीचं झाकण उघडून पाहिलं आणि परत लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला स्वयंपाकघरात चहा घेताना ते गेले. कप फुटला नव्हता. तो ओट्यावर, कान भिंतीकडे करून नीट ठेवलेला होता. फौजेत अठ्ठावीस वर्षं काढलेला माणूस. छातीत कळ आली तरी आधी हातातली वस्तू जागेवर ठेवणार.

फोटो मी उघडला तो साताऱ्याला जाताना, कराडच्या अलीकडे. कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलीनं काढलेला वर्तुळाचा पाव भाग. त्रिज्या सहा इंच. उंची सात फूट. खाली व्हॉल्व्हसाठी छोटं दार. एका कोपऱ्यात अण्णांचा स्वतःचा अंगठा आला होता.

हे पाइप म्हणजे काय, ते सांगायला हवं.

सहा वर्षांपूर्वी माधवनगर रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीनं माझ्या स्कूटरला धक्का दिला आणि मांडीचं हाड मोडलं. आत रॉड घातला. मी सांगलीत एकटी राहते, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. डॉक्टर म्हणाले, तीन महिने जिना नको. अण्णा म्हणाले, साताऱ्याला ये. पण साताऱ्याच्या घरी न्हाणी आणि संडास मागच्या अंगणात, तीन पायऱ्या उतरून, आणि बसायचं ते उकिडवं. आई शेवटच्या आजारपणात त्याच पायऱ्या उतरत होती. तेव्हा त्या पायऱ्यांचं कुणालाच काही वाटलं नव्हतं, अण्णांनाही आणि मलाही.

मी दवाखान्यातून सुटून घरी पोचले, तर माझ्या खोलीला लागून जिथे धान्याची कोठी होती, तिथे बाथरूम उभं होतं. कमोड, गीझर, भिंतीला धरायची दांडी. अण्णांनी दिवा लावला, परेडला उभे राहतात तसे बाजूला उभे राहिले आणि म्हणाले,

"कसं झालंय?"

मी वॉकरवर होते. अडीच तासांच्या प्रवासानं पाय ठणकत होता. समोरच्या कोपऱ्यात जमिनीपासून छतापर्यंत एक जाडजूड पाइप होता आणि त्याला चिकटून दोन बारीक. मी म्हणाले,

"पाइप बाहेरच ठेवलेत?"

"झाकू," अण्णा म्हणाले.

एवढंच. आमच्या घरात भाजी चांगली झाली तर आपण परत वाढून घेतो. तोंडानं सांगायची पद्धत नाही. बाथरूमच्या बाबतीत परत वाढून घ्यायची सोय नव्हती. मी तीन महिने ते वापरलं, नंतर दर सुट्टीत वापरलं, आणि त्याबद्दल माझ्या तोंडून निघालेलं वाक्य ते एकच राहिलं. अण्णा मात्र दोन-चार महिन्यांनी कुठल्याही बोलण्याच्या शेवटी म्हणायचे, "पाइप झाकायचं राहिलंय." मला तो म्हातारपणाचा चाळा वाटायचा. म्हणजे, तसं वाटून घेणं मला सोयीचं होतं.

दहावा दिवस संगम माहुलीला झाला. पिंड मांडले, अण्णांच्या आवडीचं सगळं ठेवलं: मेथीची भाजी, शिरा, स्टीलच्या पेल्यात चहा. आम्ही सगळे मागे सरून उभे राहिलो. घाटाच्या पायरीवर एक कावळा येऊन बसला. त्याला घाई नव्हती.

कावळा शिवेना की गेलेल्या माणसाचं काय मनात राहिलं असेल, ते ओळखून मोठ्यानं कबूल करायचं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. माझा धाकटा भाऊ जयराज पुण्याहून आला होता. तो पुढे झाला आणि म्हणाला, "अण्णा, घर विकणार नाही."

घर विकायचा विषय तोवर कुणी काढलाच नव्हता. सगळे माना वळवून त्याच्याकडे बघायला लागले. त्याची बायकोही. कावळा जागचा हलला नाही.

मग राहीआत्या, अण्णांची मोठी बहीण, पदर सावरून पुढे आली. वय ऐंशीच्या पुढे, आवाज चाळिशीचा. "आरं, संयोगिताची काळजी करू नगंस. ती एकटी हाय म्हणून जीव आडकला आसंल तुजा. आमी हाय. तिचं आमी बगतो!"

कावळा उडाला आणि नदीपल्याडच्या झाडावर जाऊन बसला. मला त्याचं म्हणणं पटलं.

आणखी अर्धा तास गेला. भटजींनी घड्याळ पाहिलं आणि हळूच विचारलं, "दर्भाचा कावळा करू का?" एवढ्यात मागून आवाज आला.

"ताई, सायबांचं त्ये पाइप झाकायचं राहिलं हुतं."

तो जोतीराम होता, आमचा प्लंबर. अण्णांच्या दहाव्याला तो काम बुडवून आला होता. लोक हसले. जयराजनं त्याच्याकडे रागानं पाहिलं. आत्यानं मात्र माझं कोपर धरलं.

"म्हन की गं, झाकते म्हणून!"

"आत्या, असं काही नसतं."

"तुजी बुकं ऱ्हाऊदेत. तुजं काय जातंय? म्हन!"

"झाकते," मी म्हणाले. इतक्या हळू, की आत्यालाही ते ऐकू आलं नसेल.

कावळा झाडावरून सरळ आला आणि पहिल्या पिंडाला शिवला. नंतर भाजीलाही.

त्याला भूक लागली होती, हे मला तेव्हाही कळत होतं. पण पन्नास माणसांच्या देखत ठराव झाला होता आणि तो मोडायला माझ्याकडे दुसरा कावळा नव्हता. शिवाय त्या पन्नासांत मी एकटीच अशी होते, जिला अण्णा ते पाइप का झाकायला निघाले होते हे ठाऊक होतं. बाकीच्यांना ती म्हाताऱ्याची शेवटची हौस वाटत होती. मी बोलले ते वाक्य कुणालाच माहीत नव्हतं. निदान मला तसं वाटत होतं.

सांगलीला परतल्यावर मी फोटोची छापील प्रत काढली आणि पर्समध्ये ठेवली. कॉलेज सुटलं की एकेक दुकान.

पहिल्या दुकानदारानं वाकणारं प्लाय दाखवलं. सतरंजीसारखं गुंडाळून ठेवलेलं. मी खूश झाले. "कुठं लावायचंय?" त्यानं विचारलं. मी सांगितलं. त्यानं ते परत गुंडाळलं. "मॅडम, आठ दिवसांत पापडासारखं फुगंल."

दुसऱ्यानं फोमची प्लास्टिक शीट काढली. पाण्याला चिवट, पण वाकवायला गेलं की मधोमध कटकन मोडते. "मागनं खाचा मारून गरम हवा द्या, मग वळतंय. करणारा मिळाला पायजे फक्त." करणारा विटा रोडला मिळाला. त्यानं नमुना म्हणून एक तुकडा वळवून दाखवला. तो अण्णांच्या पाव वर्तुळापेक्षा कोबीच्या पानासारखा जास्त दिसत होता. "हाताचं काम हाय, उन्नीस-बीस व्हायचंच," तो म्हणाला.

माधवनगरात एकजण पत्र्याला गोलाई देतो असं कळलं. पूर्वी तो गिरण्यांची यंत्रं दुरुस्त करायचा. आता पीठगिरणीत दाणे ओतायची चाडी करतो. त्यानं चित्र डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ पाहिलं.

"ह्ये कुणी काढलंय? लय साफ हात हाय."

"माझ्या वडिलांनी."

"इंजिनिअर का?"

"फौजेत होते."

"मग माझ्याकडं कशाला आलाय? त्यास्नीच बोलवा की हिकडं. समोरासमोर पाच मिनिटांत ठरवू."

"ते बाहेरगावी आहेत," मी म्हणाले.

"मग येऊ देत. मी कुठं पळून चाललोय? पत्रा वळवून दीन मी, पण न्हाणीत गंजतोय बगा. आनि पाणी पडलं की वाजंल." मग त्यानं कागद परत देताना अंगठ्याकडे बोट केलं. "ह्यो त्यांचाच का?"

"हो."

"फोटू काढायची सवय न्हाई वाटतं."

मी कागद घडी घालून ठेवला. बाहेर येऊन बराच वेळ स्कूटरची किल्ली शोधत राहिले; ती हातातच होती.

या काळात आत्याचा रोज फोन. ती सुतकात सगळ्यांचे फोन घेत होती, आता सुतक फिटल्यावर करत होती. "झाकलंस का? न्हाई? आगं, कावळ्याला शब्द दिलाय." मी म्हणायचे, शोधतेय. आत्या म्हणायची, "चाळीस हजार पुस्तकं हायत म्हणं तुज्या हाताखाली. एकात बी न्हाई?" मी खरंच पाहिलं होतं. नव्हतं. दुःखाविषयी दोन कपाटं भरतील एवढं होतं. पाइप झाकण्याविषयी एक ओळ नव्हती.

महिन्याच्या विधीला मी साताऱ्याला गेले. आत्या दोन दिवस आधीच येऊन राहिली होती. दारातच तिनं सांगितलं, "तुजं काम झालं. बग जा."

मी बाथरूमचा दिवा लावला. कोपऱ्यात अण्णा उभे होते.

गल्लीतल्या तरुण मंडळानं चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावला होता, तो तेराव्यानंतर काढून आमच्या घरी आणून दिला होता. टाकून देता येत नाही, लावता येत नाही, कपाटामागे ठेवलेला. आत्यानं तो दोन भिंतींच्या मधे खिळ्यांनी ताणून बसवला होता. अण्णा गणवेशात, छातीवर पदकं, पाठीमागे ढग. खाली "शोकाकुल" म्हणून अकराजणांचे गोल फोटो, त्यातले दोघे गॉगल लावून. व्हॉल्व्हच्या जागी मंडळाच्या उपाध्यक्षांचं तोंड आलं होतं.

"आत्या, हे काय?"

"का? वाकतंय का न्हाई?"

"वाकतंय."

"पाण्यानं नासतंय का?"

"नाही."

"गोल हाय का चौकोनी?"

"गोल आहे."

"मग झालं तर! सांगलीभर हिंडलीस, आनि घरात पडलं हुतं."

अण्णांच्या कागदावरच्या कुठल्याही अटीला ते कमी पडतंय असं मला म्हणता येईना. उंचीसुद्धा सातच फूट. मी तेवढंच म्हणू शकले, की बापासमोर अंघोळ कशी करायची? आत्या म्हणाली, ल्हान असताना करत हुतीसच की. तरी ती स्वतः मागच्या न्हाणीत जात होती, हे माझ्या लक्षात आलं.

दुपारी आटपाडीहून बाळासो आले. अण्णांच्या हाताखाली बारा वर्षं काढलेले निवृत्त नाईक, आता गावी शेळ्या-मेंढ्या आणि थोडं डाळिंब. त्यांना बातमी उशिरा कळली होती. फोटोला हार घातला, मग हातपाय धुवायला जातो म्हणाले. मी बाथरूम दाखवलं. ते आत गेले आणि लगेच बाहेर आले. टोपी हातात.

"काय झालं?"

"आत सायेब हायत," बाळासो म्हणाले. "मी मागं जातो."

ते मागच्या अंगणात जाऊन आले आणि जेवायला बसल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. वाकणारी शीट, प्लाय, खाचा, पत्रा. कागदही दाखवला. त्यांनी तो ताटापासून लांब धरून वाचला.

"त्रिज्या सा इंच," ते म्हणाले. "म्हंजे बारा इंची पाइपाचा पाव."

"म्हणजे?"

"आवं ताई, तुमी सपाट घेऊन वाकवाय बसलाय. वाकल्यालंच घ्या की! शेताला पाणी आणलं तवा बारा इंची पाइपाचं तुकडं उरलं. मी उभं चिरलं नि शेळ्यांच्या गव्हाणी केल्या. तसल्याच अर्ध्याचा अजून अर्धा केला की ह्येच की तुमचं चित्र." मग ते भाकरी मोडत थांबले. "सायबांनी बगितल्या हुत्या त्या. गेल्या दिवाळीला आलं हुतं नव्हं का आमच्याकडं? गव्हाणीत हात फिरवत उभं राहिलं हुतं बराच वेळ. मला वाटलं, शेळ्या आवडल्या."

"पाइप झाकायला पाइप?" आत्या म्हणाली. "आनि त्यो झाकाय काय आणनार?"

पुढच्या रविवारी मी आटपाडीला गेले. बाळासोंच्या गोठ्यात एकवीस शेळ्या आणि पाच गव्हाणी होत्या. राखाडी, अर्धगोल, आतून गुळगुळीत. त्यातली सगळ्यात कमी चावलेली त्यांनी धुऊन, पुसून बाजूला काढून ठेवली होती. कड मात्र एका टोकाला दातांनी कुरतडलेली होती. "त्ये टोक खाली घ्या," ते म्हणाले. "वास चार दिवस येईल. मग जातोय." मी कागद काढला आणि पाव वर्तुळ गव्हाणीच्या तोंडाशी धरलं. छापील प्रत छोटी होती, त्यामुळे काहीच जुळलं नाही. पण बाळासोंनी खिशातून टेप काढली, मापलं आणि म्हणाले, "सा म्हंजे सा."

साताऱ्याची एसटी दहिवडीवरून जाते. सात फुटांचा अर्धा पाइप मधल्या वाटेत आडवा पडल्यावर कंडक्टर त्याच्यावरून उडी मारून माझ्यापाशी आला.

"मॅडम, ह्ये काय?"

"गव्हाण."

"आनि शेळ्या? मागच्या गाडीनं येत्यात का?"

सगळी गाडी हसली. मागच्या बाईंनी मात्र गंभीरपणे विचारलं, किती शेळ्या हायत? मी म्हणाले, एकही नाही. बाथरूमला लावायचीय. त्यानंतर साताऱ्यापर्यंत कुणी माझ्याशी बोललं नाही. दहिवडीच्या पुढे माळ सुरू झाला, अधूनमधून एखादी मेंढरांची रांग. मी पाय गव्हाणीवर ठेवून बसले. रॉड घातलेला पाय लांबच्या प्रवासात अजून ठणकतो. त्याला ती गोलाई बरी वाटली.

जोतीराम दुसऱ्या दिवशी आला. फ्लेक्स त्यानंच उतरवला, गुंडाळला आणि गुंडाळी दोन्ही हातांवर आडवी घेऊन माझ्या हातात दिली. गव्हाण बाहेर अंगणात नेऊन ग्राइंडरनं उभी चिरली. भिंतींना बारीक पट्ट्या ठोकल्या. मी दारात उभी राहून बघत होते. कोपऱ्यातले तीन पाइप उघडे झाले होते आणि मी प्रथमच त्यांच्याकडे नीट पाहिलं. एकही वाकडा नव्हता. प्रत्येक क्लॅम्प सारख्या अंतरावर होता. स्क्रूंची तोंडंसुद्धा एका दिशेला.

"हे तुम्ही बसवले होते?" मी विचारलं.

"पाइप मी. क्लॅम्प सायबांनी. मला लावू दिलं न्हाईत." तो खाली बसून कड घासत होता. "ताई, तवा भित फोडाय मी तयार हुतो, बरं का. म्हंजे तुमाला वाटत आसंल, जोतीरामनं चालढकल केली."

"मला तसं काही वाटत नव्हतं." मला नेमकं तेच वाटत होतं, फक्त जोतीरामबद्दल नाही.

"मी म्हनलं सायबांना, भितीत घेऊ, आठ दिस लागत्याल. त्ये म्हनले, आठ दिस न्हाईत. पोरगी गुरुवारी येतीय. आनि भित फोडली की प्लास्टर वलं ऱ्हाणार, पायात लोखंड घातलंय तिच्या, वलीत नको. बाहीरनं घे. वंगाळ दिसंल, पन वापरता ईल." त्यानं गव्हाणीचा तुकडा उचलून कोपऱ्यात लावून पाहिला, परत काढला. "चार दिसांत केलं आमी. सायेब स्वता माती काढत हुतं. धान्याची पोती एकटं उचलून बाहीर."

मी खाली घरंगळलेला एक स्क्रू उचलून त्याच्या हातात दिला.

"आनि पेटी का नको, म्हायत हाय का? पेटीला कोपरा येतोय. वॉकर आडकंल म्हनले. मी म्हनलं, आवं, आता कुठं वॉकर हाय ताईंना? चालत्यात की त्या. तर म्हनले, म्हातारी व्हईल की ती बी कवातरी."

बाहेर आत्या कुणाला तरी फोनवर सांगत होती, की आज झाकताहेत, हो, शेळीच्या गव्हाणीनं, त्याला काय होतंय.

"तुमी आला त्या दिवशी मी हितंच हुतो," जोतीराम म्हणाला. "मागच्या खोलीत हत्यारं आवरत. तुमी म्हनला न्हवं का, पाइप बाहीरच ठिवलं म्हणून."

म्हणजे ते वाक्य आणखी एकाला माहीत होतं. सहा वर्षं हा माणूस या घरी येऊन गळके नळ नीट करून जात होता.

"मग अण्णा काय म्हणाले? नंतर?"

"काय न्हाई. मला वंगाळ वाटलं, मी म्हनलं, सायेब, ताईंना म्हायत न्हाई. सांगा की. तर म्हनले, सांगायचं काय त्यात? बरोबर हाय तिचं."

त्यानं तुकडा उचलला. कुरतडलेलं टोक खाली, गोलाई बाहेर. दोन्ही बाजूंनी स्क्रू आवळले. खालच्या बाजूला अण्णांनी दाखवलेल्या जागी व्हॉल्व्हचं दार कापलं होतं, ते उघडून-मिटून पाहिलं. चाळीस मिनिटंही लागली नाहीत. कोपरा नाहीसा झाला आणि त्या जागी राखाडी, गुळगुळीत, पोट आल्यावानी काहीतरी उभं राहिलं. शेळीचा वास येत होता. जोतीरामनं फडक्यानं ते वरपासून खालपर्यंत पुसलं, हत्यारं उचलली आणि माझ्या शेजारी दारात येऊन, दिव्याच्या बटणापाशी, जरा बाजूला सरून उभा राहिला.

"बगा ताई. कसं झालंय?"

तीच जागा होती. उभं राहायची तऱ्हाही त्यानं अण्णांच्याकडूनच उचलली असावी. मी समोर पाहिलं. तक्रार करायला आता काही शिल्लक नव्हतं. जोतीराम माझ्याकडे बघत होता, पण मी उत्तर त्याला देत नव्हते. आणि ते त्यालाही समजलं असावं, कारण त्यानं मान खाली घालून टेप गुंडाळायला घेतली, गुंडाळलेलीच होती ती.

"छान झालंय, अण्णा," मी मोठ्यानं म्हणाले. बाहेर आत्याचं बोलणं थांबलं. "त्या दिवशीसुद्धा छान झालं होतं. पाइप दिसत होते, तरी."